पहिल्या निवेदनानंतर

२३ मे २०२४ च्या दुपारी डोंबिवलीच्या एमआयडीसी फेज दोनमध्ये स्फोट झाला आणि थोड्याच वेळात सगळीकडे एकच कारण फिरू लागले: बॉयलर फुटला. वाहिन्यांनी ते सांगितले, नेत्यांच्या निवेदनांत ते आले, रिक्षाच्या रांगेत उभी असलेली माणसेही तेच बोलू लागली. मग कळले की अमुदान केमिकल्स या कारखान्यात नोंदणी केलेला बॉयलरच नव्हता. फुटला होता तो रिअ‍ॅक्टर. वरवर पाहता हा तपशिलाचा फरक वाटेल. पण बॉयलर असेल तर विषय बाष्पके संचालनालयाचा आणि रिअ‍ॅक्टर असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा. तपासणी कोणी करायची होती आणि ती का झाली नाही, या प्रश्नाचा पत्ताच बदलतो. त्याच्या आठ वर्षे आधी, २६ मे २०१६ रोजी, प्रोबेस कंपनीत झालेल्या स्फोटात बारा माणसे गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल लोकांच्या हाती पडायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तोही माहिती अधिकारात अर्ज केल्यावर.

हे पुस्तक रासायनिक कारखान्यांवर नाही. अण्वस्त्रे आणि ती वाहून नेणारी साधने हाताळताना लष्करांकडून झालेल्या चुका, त्या चुकांची सरकारांनी दिलेली कारणे आणि त्या कारणांवर लोकांनी घेतलेला संशय, हा त्याचा विषय आहे. तरी प्रस्तावनेची सुरुवात डोंबिवलीपासून करावीशी वाटली, कारण अपघातानंतरची निवेदने कोणत्या क्रमाने येतात हे इथल्या वाचकाला शिकवावे लागत नाही. आधी एक कारण घाईघाईने येते. मग ते बदलते. मग ‘चौकशी सुरू आहे’ असे सांगितले जाते. मग बातमी मागे पडते. अण्वस्त्रांच्या बाबतीत क्रम हाच असतो; फक्त चौकशीच्या दारावर ‘राष्ट्रीय सुरक्षा’ अशी पाटी असते आणि माहिती अधिकाराचा अर्ज तिथे पोहोचत नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या वाचकाने हा विषय परका मानण्याचे कारणही नाही. ठाण्याच्या खाडीच्या पश्चिम काठावर तुर्भे आहे आणि तिथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. १९७४ च्या पोखरण चाचणीसाठी लागलेले प्लुटोनियम तिथल्याच सायरस अणुभट्टीतून आले. तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. नौदलाच्या गोदीत, अणुकेंद्रात, दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणारी माणसे आपल्याच लोकलमधून प्रवास करतात, आपल्याच सोसायट्यांत राहतात. काय घडते ते घरी सांगण्याची त्यांना मुभा नसते, आणि ते सांगत नाहीत. त्यांच्या या मौनाबद्दल मला आदर आहे. प्रश्न त्यांच्या मौनाचा नाही. ज्यांनी बोलायचे असते ते काय बोलतात, हा प्रश्न आहे.

आपल्या देशातले सर्वांत बोलके उदाहरण ब्राह्मोसचे आहे. ९ मार्च २०२२ च्या संध्याकाळी भारताच्या हद्दीतून एक क्षेपणास्त्र सुटले आणि पाकिस्तानच्या पंजाबात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. सुदैवाने कोणी दगावले नाही. त्यावर स्फोटक नव्हते असे पाकिस्तानने सांगितले. पण दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांपैकी एकाचे क्षेपणास्त्र दुसऱ्याच्या घरात शिरले होते, आणि पलीकडच्या रडारसमोर बसलेल्या अधिकाऱ्याला ते रिकामे आहे की भरलेले, हे कळायला काहीही मार्ग नव्हता. जगाला ही बातमी दिली ती पाकिस्तानी लष्कराच्या प्रवक्त्याने, १० मार्चला, पत्रकार परिषद घेऊन. आपले संरक्षण मंत्रालय बोलले ११ मार्चला. नेहमीच्या देखभालीदरम्यान तांत्रिक बिघाड होऊन एक क्षेपणास्त्र चुकून सुटले, घटना अत्यंत खेदजनक आहे, उच्चस्तरीय चौकशीचे आदेश दिले आहेत, असे त्या निवेदनात होते. क्षेपणास्त्र कोणते, हे त्यात नव्हते.

१५ मार्चला संरक्षणमंत्र्यांनी संसदेत निवेदन केले. तोपर्यंत भर ‘तपासणीदरम्यान चुकून सुटले’ यावर आला होता आणि कार्यपद्धतीचा आढावा घेतला जाईल असे आश्वासन होते. २३ ऑगस्ट २०२२ रोजी हवाई दलाने जाहीर केले की कोर्ट ऑफ इन्क्वायरीला तीन अधिकाऱ्यांकडून ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीचे उल्लंघन झाल्याचे आढळले आणि त्या तिघांना सेवेतून बडतर्फ करण्यात आले. म्हणजे साडेपाच महिन्यांत यंत्राचा बिघाड माणसाच्या चुकीत बदलला. दोन्ही कारणे एकाच घटनेची. पहिले चुकीचे होते असे मात्र कोणी म्हटले नाही. ते नुसते मागे पडले.

गोष्ट इथे संपली असती. पण बडतर्फ झालेल्यांपैकी एक अधिकारी दिल्ली उच्च न्यायालयात गेला. आपले प्रशिक्षण केवळ देखभालीचे होते, प्रत्यक्ष कारवाई चालवण्याचे नव्हते, अशी त्याची बाजू. त्याला उत्तर देताना हवाई दलाला न्यायालयासमोर कागद ठेवावे लागले, आणि त्यातून पहिल्यांदा कळले की झाले तरी काय. गाडीवरच्या क्षेपणास्त्रांचे कॉम्बॅट कनेक्टर जंक्शन बॉक्सला जोडलेलेच राहिले होते. कनेक्टर जोडलेला म्हणजे दिलेला हुकूम क्षेपणास्त्रापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी. ते जोडलेले आहेत हे माहीत असूनही पुढचे पाऊल थांबवले गेले नाही, असा हवाई दलाचा आरोप होता. सरकारी तिजोरीचे सुमारे २४ कोटींचे नुकसान झाले, हाही आकडा तिथेच आला.

या तपशिलाकडे जरा जवळून पाहावे. एखाद्या कारखान्यात देखभालीचे काम काढताना फिटर आधी मुख्य स्विच काढतो, त्याला कुलूप लावतो, वर ‘काम चालू आहे’ अशी पाटी टांगतो आणि मगच हात घालतो. एमआयडीसीत काम केलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे. मियाँ चन्नूच्या क्षेपणास्त्राच्या बाबतीत, न्यायालयासमोर आलेल्या माहितीनुसार, तो स्विच काढलेलाच नव्हता. मग ‘तांत्रिक बिघाड’ कुठे होता? हुकूम मिळाला आणि यंत्र सुटले; यंत्राने आपले काम केले. आणि कनेक्टर जोडलेले असताना तपासणी पुढे नेताच येऊ नये अशी यांत्रिक अडवणूक मुळातच का नव्हती, हा प्रश्न तीन बडतर्फ्यांनी सुटत नाही. आढाव्यानंतर काय बदलले ते आजही जनतेसमोर नाही. आणि ही माहिती अपघाताच्या अहवालातून आपल्यापर्यंत आली नाही. ती आली नोकरीच्या भांडणातून. तो अधिकारी निमूटपणे घरी बसला असता, तर ‘कार्यपद्धतीचे उल्लंघन’ या दोन शब्दांच्या पलीकडे आपल्याला काहीच कळले नसते.

आपल्याकडच्या घटना काढून पाहिल्या की हेच पुन्हा पुन्हा दिसते: सत्य येते ते मागच्या दाराने. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्याच जोडीने कराचीला कापसाच्या गाठी भरल्या होत्या. स्फोटके असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो. तो लावलेला नव्हता. शेकडो माणसे गेली, त्यांत ६६ अग्निशामक जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून आजही अग्निशमन सप्ताह पाळला जातो. मुंबईत झालेल्या या हाहाकाराची बातमी जगाला आधी दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. ब्रिटिश सेन्सॉरने आपल्या बातमीदारांचे हात मे महिन्यापर्यंत बांधून ठेवले होते. घातपाताची कुजबुज शहरभर होती आणि ती अनेक वर्षे टिकली. चौकशीत घातपाताचा पुरावा सापडला नाही. सापडला तो हलगर्जीपणा. पण महिनाभर तोंड दाबून ठेवलेल्या शहराने त्या निष्कर्षावर विश्वास का ठेवावा?

दुसरी घटना हिमालयातली, आणि ती थेट अणूशी निगडित आहे. चीनने १९६४ मध्ये अणुचाचणी केल्यावर त्याच्या क्षेपणास्त्र चाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेच्या आणि भारताच्या गुप्तचर संस्थांनी मिळून नंदादेवीच्या शिखरावर एक टेहळणी यंत्र बसवायचे ठरवले. त्याला वीज पुरवणारा जनित्राचा भाग प्लुटोनियमवर चालणारा होता. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये हवामान बिघडले, गिर्यारोहकांनी ते सामान वरच्या छावणीजवळ बांधून ठेवले आणि ते खाली उतरले. पुढच्या वसंतात परत गेले तेव्हा ते तिथे नव्हते. हिमस्खलनाने नेले असावे. ज्या पर्वताचे पाणी गंगेला मिळते त्याच्या अंगावर प्लुटोनियम हरवले आणि त्याबद्दल देशाला बारा वर्षे काहीही सांगितले गेले नाही. १९७८ मध्ये एका अमेरिकन मासिकाने ही कथा छापली, तेव्हा पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी १७ एप्रिलला संसदेत ती मान्य केली. शास्त्रज्ञांची समिती नेमली गेली. तिने धोका नगण्य असल्याचे सांगितले. यंत्र आजतागायत सापडलेले नाही. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत ऋषीगंगेला महापूर आला तेव्हा रैणी गावच्या लोकांच्या तोंडी पहिल्यांदा जी शंका आली ती या हरवलेल्या यंत्राची होती. शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून निघाले की रोंटी शिखराचा कडा बर्फासह कोसळला होता. गावकऱ्यांची शंका बहुधा चुकीची होती. पण ती शंका येण्याला त्यांना जबाबदार धरता येणार नाही. जिथे बारा वर्षे खोटे बोलले गेले नसले तरी खरेही सांगितले गेले नाही, तिथे पुढची पन्नास वर्षे प्रत्येक पुरात तीच शंका वाहून येणार.

इथवर वाचून वाचकाला वाटेल की हे पुस्तक सरकारी निवेदनांवर अविश्वास कसा ठेवावा हे शिकवणार आहे. अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी अमेरिकेत जावे लागते.

२९ ऑगस्ट २००७ रोजी नॉर्थ डकोटातल्या मायनॉट हवाई तळावर एका बी-५२ विमानाच्या पंखांखाली बारा क्रूझ क्षेपणास्त्रे टांगण्यात आली. ती लुइझियानातल्या बार्क्सडेल तळावर मोडीत काढण्यासाठी न्यायची होती आणि त्यांत अण्वस्त्रे नसायला हवी होती. डाव्या पंखाखालच्या सहा क्षेपणास्त्रांत ती होती: डब्ल्यू८०-१ जातीची, प्रत्येकाची कमाल ताकद १५० किलोटन, म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या जवळपास दहापट. विमान रात्रभर तळावर नेहमीच्याच पहाऱ्यात उभे राहिले. सकाळी ते उडाले आणि सुमारे २,४०० किलोमीटर अंतर कापून उतरले. तिथेही ते कित्येक तास तसेच उभे होते. सहा अण्वस्त्रे कोठीतून बाहेर पडल्यापासून जवळपास ३६ तास कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

चौकशीत पुढे जे आले ते वाचून अंगावर काटा येतो, आणि तो काटा कारस्थानाचा नव्हे, ढिलाईचा आहे. खरी आणि नकली क्षेपणास्त्रे एकाच कोठीत ठेवली जात होती. कोणते पॅकेज पाठवायचे याची यादी बदलली होती, पण बदल सगळ्यांपर्यंत पोहोचला नव्हता. क्षेपणास्त्राला एक छोटी काचेची खिडकी असते. तीतून आत डोकावले की आत काय आहे ते दिसते. कोठीतून बाहेर काढणाऱ्यांनी डोकावले नाही, ओढून नेणाऱ्यांनी नाही. विमानातल्या नेव्हिगेटरने पाहणी केली ती फक्त उजव्या पंखाखालची, आणि तिथे नकलीच होती. पाच ठिकाणी पाहायचे होते, पाचही ठिकाणी ‘आधीच्याने पाहिले असेल’ असे गृहीत धरले गेले.

हे छापून आले तेव्हा जगभर संशयाचा धुरळा उडाला. इतक्या कुलपांतून, इतक्या सह्यांतून सहा अण्वस्त्रे चुकून बाहेर पडणे शक्यच नाही. वरून गुप्त हुकूम असणार. ती इराणवर हल्ल्यासाठी मध्यपूर्वेत चालली होती. तळावरच्या अमुक सैनिकाचा मृत्यू संशयास्पद आहे. आपल्याकडेही असे काही घडले की माणसे हेच म्हणतात: कुठेतरी पाणी मुरतेय. मी या मताला अनेक वर्षे गांभीर्याने घेत आलो आहे आणि ते मला पटत नाही. त्यातली खोच अशी की ‘इतक्या तपासण्यांतून चूक होऊच शकत नाही’ असे म्हणणारा संशयी माणूस प्रत्यक्षात त्या यंत्रणेवर यंत्रणेपेक्षाही जास्त विश्वास ठेवतो. आमची व्यवस्था निर्दोष आहे असे सेनापती सांगतात, आणि कारस्थान शोधणारा ते मान्य करूनच पुढे निघतो. मायनॉटच्या चौकशीने नेमका तोच दावा मोडीत काढला. व्यवस्था निर्दोष नव्हतीच, कागदावर होती.

आणि तो अहवाल फक्त खालच्या माणसांवर थांबला नाही. तळाच्या प्रमुखाला हटवले गेले. पुढे मार्च २००८ मध्ये उघड झाले की हेलिकॉप्टरच्या बॅटऱ्या म्हणून तैवानला पाठवलेल्या खोक्यांत अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांच्या नाकातले फ्यूज होते आणि ते २००६ पासून तिथेच पडून होते. जून २००८ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी हवाई दलाचे मंत्री मायकेल विन आणि हवाई दलप्रमुख जनरल मोझली या दोघांचे राजीनामे घेतले. अमेरिकेचे कौतुक करण्यासाठी हे सांगत नाही. त्यांच्याकडेही ही बातमी सरकारने आपणहून दिली नव्हती; सैनिकी घडामोडी छापणाऱ्या एका वृत्तपत्राने ती ५ सप्टेंबरला फोडली. पण फोडल्यानंतर दोष कुठवर चढला, हे पाहण्यासारखे आहे. मियाँ चन्नूचा दोष कुठवर चढला, त्याच्याशी ताडून पाहा.

संशय कधी बरोबर ठरतो आणि कधी सुतावरून स्वर्ग गाठतो, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ग्रीनलंडचे आहे. पुस्तकाचे एक अख्खे प्रकरण त्यावर आहे, म्हणून इथे थोडक्यात. २१ जानेवारी १९६८ रोजी थुले तळाजवळ चार हायड्रोजन बॉम्ब असलेले बी-५२ बर्फावर कोसळले. डेन्मार्कचे जाहीर धोरण होते की आमच्या भूमीवर अण्वस्त्रे नाहीत. मग ती वरून उडत कशी होती? सरकारने वर्षानुवर्षे ताकास तूर लागू दिली नाही. १९९५ मध्ये कागद बाहेर आले आणि दिसले की पंतप्रधान हान्सन यांनी १९५७ मध्येच अमेरिकेला गुपचूप होकार दिला होता. संशय घेणारे पूर्णपणे बरोबर ठरले. मग २००८ मध्ये दुसरा संशय जोर धरू लागला: चारपैकी एक बॉम्ब सापडलाच नाही, तो समुद्राच्या तळाशी आहे. एका डॅनिश संशोधकाने मूळ कागद पुन्हा एकदा ओळ न् ओळ तपासले आणि २००९ मध्ये दाखवून दिले की चारही बॉम्ब फुटून विखुरले होते; समुद्रात शोध सुरू होता तो एका बॉम्बच्या तुकड्याचा. इथे संशय चुकीचा ठरला. घटना एकच, सरकार तेच, संशय घेणारेही बरेचसे तेच. दोन्ही वेळा निकाल दिला तो कागदांनी.

कागद किती उशिरा बोलतात याला मात्र सीमा नाही. २४ जानेवारी १९६१ ला नॉर्थ कॅरोलिनात गोल्ड्सबोरोजवळ एक बी-५२ हवेतच तुटले आणि दोन हायड्रोजन बॉम्ब खाली आले. एक पॅराशूटने उतरून झाडाला लटकला, दुसरा चिखलाच्या शेतात घुसला. त्याचा काही भाग आजही तिथेच आहे आणि तिथे कोणी खणू नये म्हणून सरकारने त्या जमिनीवर हक्क घेऊन ठेवला आहे. अणुस्फोटाचा धोका नव्हता, असे लोकांना सांगितले गेले. १९६९ मध्ये अण्वस्त्रांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या एका अमेरिकन अभियंत्याने लिहिलेले टिपण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या मते महाअनर्थ टळला तो एका साध्या, कमी दाबाच्या विजेच्या स्विचमुळे. म्हणजे ‘धोका नव्हता’ हे वाक्य खोटे ठरायला बावन्न वर्षे लागली.

आपल्याकडे ते कागद कधी बोलतील? इथे मला मुंबईतला एक खटला आठवतो, जो मराठी वाचकाच्या माहितीत असायला हवा आणि फारसा नाही. १९९५ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळाने अणुऊर्जा खात्याच्या केंद्रांमधल्या सुमारे १३० सुरक्षाविषयक मुद्द्यांची नोंद असलेला अहवाल तयार केला. तो गुप्त ठेवला गेला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ यांनी तो जाहीर करावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २००४ मध्ये तिथेही नकारच कायम राहिला. आधार होता १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याचे अठरावे कलम. नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांच्यासारखा माणूस या गुप्ततेविरुद्ध जाहीरपणे बोलत होता, तरीही. दरम्यान २००० साली भाभा अणुसंशोधन केंद्र नियामक मंडळाच्या देखरेखीतूनच बाहेर काढण्यात आले होते आणि तिथल्या सुरक्षेची देखरेख केंद्राच्या अंतर्गत व्यवस्थेकडे गेली होती. म्हणजे खाडीपलीकडच्या केंद्राची परीक्षा केंद्रानेच घ्यायची आणि उत्तरपत्रिका कोणी पाहायची नाही.

सुरक्षेची काही गुपिते राखलीच पाहिजेत, यावर माझा वाद नाही. शस्त्राची रचना, ते कुठे ठेवले आहे, हुकूम कोणत्या मार्गाने जातो, हे शत्रूला कळू नये. पण कनेक्टर काढायला माणूस विसरला, ही गोष्ट शत्रूला कळल्याने देशाचे काय बिघडते? बिघडते ते अधिकाऱ्याचे. गुप्ततेच्या कायद्याखाली शस्त्राचे गुपित आणि अधिकाऱ्याची अब्रू ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधली जातात, आणि गाठोडे उघडायचा अधिकार ज्याची अब्रू आहे त्यालाच असतो. या पुस्तकाचा खरा आक्षेप तिथे आहे.

आपल्याकडे संशय आतूनही आलेला आहे, हेही विसरता कामा नये. ११ मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांतले थर्मोन्यूक्लिअर साधन सुमारे ४५ किलोटनांचे होते, असे सरकारने सांगितले. ऑगस्ट २००९ मध्ये त्या चाचण्यांशी संबंधित असलेले संरक्षण संशोधन संस्थेचे के. संथानम यांनी जाहीरपणे म्हटले की ते अपेक्षेइतके फुटले नाही. भाभा केंद्राचे माजी संचालक पी. के. अय्यंगार यांनाही शंका होती. अनिल काकोडकर आणि आर. चिदंबरम यांनी तो दावा ठामपणे फेटाळला. यात कोण बरोबर, हे ठरवण्याइतकी माहिती सामान्य वाचकाच्या हाती नाही आणि मी ते ठरवणार नाही. पण एक लक्षात ठेवावे: संशय घेणारे राष्ट्रद्रोही नव्हते, बॉम्ब बनवणाऱ्यांच्याच पंक्तीतले होते. ‘पोखरणबद्दल प्रश्न विचारणे म्हणजे शास्त्रज्ञांचा अपमान’ असे कोणी म्हणाले तर त्याला ही नावे सांगावीत. आणि १९७४ च्या स्फोटाला तेवीस वर्षे ‘शांततामय’ म्हटल्यानंतर १९९७ मध्ये राजा रामण्णा यांनीच तो बॉम्ब होता असे सांगून टाकले, हेही सांगावे.

हा विषय आज तातडीचा आहे याचे एक कारण तांत्रिक आहे. पूर्वी भारताची अण्वस्त्रे आणि त्यांची वाहने वेगवेगळी ठेवली जातात असे मानले जाई. दोन्ही एकत्र येण्यातच वेळ जाई आणि त्या वेळात चूक पकडली जाण्याला जागा होती. अग्नी-५ सारखी क्षेपणास्त्रे आता बंद नळकांड्यात तयार ठेवता येतात. अरिहंत पाणबुडी तर तयारच समुद्रात जाते. याच पाणबुडीत मागची झडप उघडी राहिल्याने पाणी शिरून मोठे नुकसान झाल्याचे वृत्त जानेवारी २०१८ मध्ये ‘द हिंदू’ने दिले होते, सविस्तर अधिकृत अहवाल लोकांसमोर आला नाही. शस्त्र जितके तयार, तितका विसरण्याचा अवकाश कमी. मियाँ चन्नूचे क्षेपणास्त्र अण्वस्त्राचे नव्हते, म्हणून आपण आज हे वाचत बसलो आहोत.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. पालोमारेसचे प्रकरण, जिथे १७ जानेवारी १९६६ ला पडलेल्या चार बॉम्बपैकी चौथा समुद्रातून काढायला ८० दिवस लागले आणि समुद्र सुरक्षित आहे हे दाखवायला अमेरिकन राजदूत पाण्यात उतरला, ते सर्वांत वाचनीय आहे. आर्कान्सासमधल्या डमॅस्कसचे, जिथे १९८० मध्ये हातातून निसटलेल्या पान्याच्या तोंडामुळे अख्खे टायटन क्षेपणास्त्र उडाले, ते कामगार वाचकाला सर्वांत जवळचे वाटेल. पुलगावचे प्रकरण अण्वस्त्राचे नाही, पण ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथल्या दारूगोळा कोठारात जी माणसे जळाली त्यांच्यासाठी ते घेणे भाग होते.

वाचकांकडे एक मागणे आहे. पुढच्या वेळी असे काही घडले तर सरकारचे पहिले निवेदन तारखेसह लिहून ठेवा, आणि स्वतःचा पहिला संशयही त्याच पानावर लिहा. सहा महिन्यांनी दोन्ही ताडून पाहा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ठाणे आणि कल्याण या दोन्ही मतदारसंघांचे खासदार लोकसभेत तारांकित प्रश्न विचारू शकतात. मार्च २०२२ मध्ये जाहीर केलेल्या कार्यपद्धतीच्या आढाव्यातून काय बदलले, आणि तो बदल हवाई दलाबाहेरच्या कोणी तपासला का, एवढा एकच प्रश्न त्यांनी विचारावा असे पत्र आपापल्या खासदाराला पाठवा.